बाराव्या खुर्चीची पाठ

आमच्या फोबूरमधल्या, म्हणजे शहराच्या जुन्या सुतारवस्तीतल्या, त्या बोळातल्या दुकानात आता योग शिकवतात. मी एकदा खिडकीतून डोकावून पाहिलं. जिथे आम्ही सशाच्या कातड्याचा सरस शिजवायचो, तिथे दहा-बारा बायका डोळे मिटून खोल श्वास घेत होत्या. सहा वर्षांपूर्वी त्याच जागी कोणी एवढा खोल श्वास घेतला असता, तर उताणाच पडला असता. सरसाचा वास सशाने मेल्यावर सूड उगवावा तसा असतो. मला तो अजून आठवतो आणि आठवला की, लाज वाटते सांगायला, भूक लागते. दुपारचं जेवण आम्ही त्याच शेगडीवर गरम करायचो.

आम्ही म्हणजे दोघंच. मालक मस्यो, म्हणजे श्रीयुत, बार्बारू, वय सत्तर, आणि मी, वय चोवीस. जुन्या खुर्च्या, आरशांच्या चौकटी, चर्चमधले देवदूत, जे काही लाकडाचं असून सोन्याचं दिसायला हवं ते आमच्याकडे यायचं. माझं नाव तितुआन, पण मालक मला तितू म्हणायचे. हातात वर्ख असताना लांब नाव घेतलं की सोनं उडतं. हा विनोद नाही. वर्ख इतका पातळ असतो की समोरच्याने 'प' म्हटलं तरी तो उठून छताला जाऊन चिकटतो. त्यामुळे कामाच्या वेळात आमच्याकडे 'प'ला बंदी होती. मालकांच्या बायकोचं नाव पोलेत. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ते तिला 'अगं' म्हणत.

वर्ख उचलायला खारीच्या केसांचा चपटा ब्रश असतो. तो आधी आपल्या गालावरून फिरवायचा, म्हणजे गालाचं तेल केसांना लागतं आणि वर्ख त्याला अलगद चिकटतो. चाळीस वर्षांत मालकांच्या उजव्या गालाला अशी झाक आली होती की मेट्रोत लहान मुलं आईला विचारायची, हे आजोबा खरे आहेत का.

मार्चमधल्या एका मंगळवारी दार उघडून मादाम व्हासर आत आल्या. ठेंगणी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, डोक्याला रुमाल. मागून बाजाराची चाकाची पिशवी ओढत होत्या. पिशवीत कांद्याची पात होती आणि पिशवीवर दोरीने बांधलेली, पाय वर केलेली एक खुर्ची.

"ही रंगवून मिळेल का? पांढरीच हवीय. पिवळी पडलीय बघा, म्हाताऱ्याच्या दातासारखी."

"मादाम, आम्ही रंगकाम करत नाही," मालक वर न बघता म्हणाले. "सोनं चढवतो."

"सोनं नकोय हो. सोनं आहेच की खाली. म्हणून तर रंगवली!"

मालकांनी वर पाहिलं. खुर्ची पांढरी होती. रुंद बैठक, फुगीर हात, पाठीवर कोरलेली फुलांची माळ, सगळ्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीला देतात तो पांढरा ऑईलपेंट. फुलांच्या पाकळ्यांमध्ये रंग साचून त्याचे थेंब लोंबले होते. बैठकीवर लाल चेरी छापलेलं मेणकापड ठोकलेलं होतं.

फोबूरमधला माणूस खुर्चीकडे समोरून बघत नाही. गुरांचा डॉक्टर मांजर उलटं करतो तशी तो खुर्ची उलटी करतो. ही आधीच उलटी होती. मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला, बैठकीखालच्या लाकडावर अंगठा फिरवला आणि मग जमिनीवर बसले. खाली स्टूल नव्हतं, ते त्यांना माहीत होतं. तरी बसले.

लाकडात तापल्या लोखंडाने भाजलेली खूण होती. मुकुट, त्याखाली अक्षरं आणि शाईने लिहिलेला आकडा, अर्धा पुसलेला. राजाच्या सामानघराची खूण.

"काय झालं? वाळवी?" मादामनी विचारलं.

"ही तुमच्याकडे कुठून आली?" मालकांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"माझ्या नवऱ्याच्या पणजीला मिळाली. ती एका हवेलीत दार सांभाळायची. हवेली विकली तेव्हा मालकीण म्हणाली, पगाराऐवजी काहीतरी उचल. पणजीला बसायला हवं होतं, तिने बसायचं उचललं. आणि तुम्ही असे खाली काय बसलात? ही तुमच्याच वडिलांनी बघितलेली आहे."

"माझ्या वडिलांनी?"

"एकसष्ट साली. आमचं नवीन लग्न, नवीन स्वयंपाकघर, सगळं पांढरं. आणि मध्ये हे पिवळं धूड. सासू म्हणाली, विचारून तरी घ्या, चांगली असली तर? मग आमचे हे, गास्तों, खुर्ची डोक्यावर घेऊन इथे आले. तुमच्या वडिलांनी बघितली आणि म्हणाले, ही रेबुफाची. समोरच्याची."

रेबुफा म्हणजे बोळाच्या पलीकडच्या बाजूचा सुतार. राजेशाही खुर्च्यांच्या नकला इतक्या हुबेहूब करायचा की स्वतःच्या ओळखू याव्यात म्हणून पायाला आतून पेन्सिलीने फुली मारायचा. आमच्या फोबूरचं हे असं आहे. इथे दोनशे वर्षं लोक खऱ्यासारखं खोटं बनवत आलेत. इथल्या माणसाला खरी वस्तू दाखवा, तो पहिला प्रश्न विचारतो, कोणी केली?

"आणि रेबुफा?" मालकांनी विचारलं.

"त्याला बोलावलं ना. तो म्हणाला, हो, माझ्यासारखी वाटतेय. वर माफी मागितली. म्हणाला, डावीकडचं फूल जरा जड झालंय, त्या आठवड्यात माझी दाढ दुखत होती."

मालकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मग म्हणाले, "बाबांनी उलटी करून नाही बघितली?"

"बाराला पाच कमी होती."

बाराला पाच कमी असताना फोबूरमध्ये कोणीच काही उलटं करत नाही. बाराला जेवण.

"उलट पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा फुकट दिला त्यांनी," मादाम म्हणाल्या. "फार चांगले होते."

मालकांनी राजवाड्यात फोन केला, तिथे आता संग्रहालय आहे. संग्रहाचे अधिकारी मस्यो व्हिलार्से दुसऱ्याच दिवशी हजर झाले. तरुण, उंच, किडकिडीत. पांढरे हातमोजे घालूनच हस्तांदोलन करत. त्यांच्या राजवाड्यातल्या एका दालनात भिंतीला लागून बारा खुर्च्या असायच्या. क्रांतीनंतर लिलावात सगळ्या विकल्या गेल्या आणि मग दोनशे वर्षांत एकेक करत अकरा परत आल्या. बाराव्या जागी त्यांनी दुसरं काही ठेवलं नव्हतं. मोकळी जागाच ठेवली होती, दोरी लावून. त्या मोकळ्या जागेला स्वतंत्र क्रमांक होता. तिच्यावर एक पहारेकरी होता.

"आणि ती जागा कोणी चोरली तर?" मी विचारलं.

"आजवर प्रयत्न झालेला नाही," व्हिलार्से गंभीरपणे म्हणाले.

त्यांनी खुर्ची पाहिली. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी चेरीचं मेणकापड पाहिलं आणि डोळे कोरडे झाले.

"मादाम," ते म्हणाले, "ही आम्हाला द्याल का?"

"देणारच आहे," मादाम म्हणाल्या. "सप्टेंबरात मी वृद्धाश्रमात चाललेय. तिथे स्वतःची एक खुर्ची नेता येते, पण ती न पेटणारी, पुसता येणारी आणि कागद असलेली हवी. ही पेटते. मी विचारलं त्यांना, राजाची असली तर? ते म्हणाले, राजाचा न पेटण्याचा दाखला आणा."

"मग आमच्याकडे ती सुखरूप राहील. वरचा पांढरा थर काढला की..."

"पांढरा काढायचा नाही."

व्हिलार्सेंनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी माझ्याकडे, आणि मी शेगडीकडे, कारण सरस उतू चालला होता.

"मादाम, खाली मूळ सोनं आहे. दोनशे चाळीस वर्षांपूर्वीचं."

"आणि वर माझा नवरा आहे," मादाम म्हणाल्या. "त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली. कपडे मी वाटून टाकले. हत्यारं पुतण्याने नेली. घर आता विकतेय. त्याने स्वतःच्या हाताने केलेलं एवढंच उरलंय. वरून नवा रंग दिला तरी खाली तो राहिलाच असता, खरवडलं की गेला. स्वयंपाकघर रंगवलं, टेबल रंगवलं, ही रंगवली, रंग उरला म्हणून मांजराची ताटली रंगवली. ताटली फुटली. ही ठेवायची तर अशीच ठेवा, नाहीतर मी पुतण्याला देते. तो लील शहराबाहेर कोंबड्या पाळतो."

असा तो पेच होता. राजवाडा पांढरी खुर्ची घेणार नाही, वृद्धाश्रम पेटणारी घेणार नाही, आणि सप्टेंबरनंतर तिच्यावर कोंबड्या बसणार.

मालक मात्र व्हिलार्सेंच्याही पुढे गेले. संध्याकाळी दार लावताना मला म्हणाले, "तितू, तो पांढरा मला नखाएवढासुद्धा शिल्लक नको. माझ्या बापाने आयुष्यात एक चूक केली, आणि ती कुठे जाऊन बसली बघ. मुकुटावर!"

शेवटी एक तोडगा निघाला. एक खिडकी उघडून बघायची. आमच्या कामात नेलकटरच्या टोकाएवढा चौकोन, वरचा रंग सुरीने हलके हलके खरवडून, खाली काय आहे ते पाहण्यापुरता उघडतात, त्याला खिडकी म्हणतात. पाणी लावता येत नाही, कारण पाणी लागलं की सोनं उठतं. म्हणून कोरडंच खरवडायचं, भिंगातून बघत, श्वास नाकाने घेत. खालचं सोनं जिवंत असेल तर पुढचं बोलू. मेलेलं असेल तर खुर्ची मादामची, रंगासकट.

"खिडकी कुठे उघडायची ते मी सांगणार," मादाम म्हणाल्या. "आणि मी समोर बसणार."

त्या रोज यायला लागल्या. सकाळी दहाला येऊन दुकानाच्या खिडकीजवळच्या स्टुलावर बसायच्या, बाराला घरी, तीनला परत. त्यांना 'प' न बोलण्याचा नियम सांगितला, तर म्हणाल्या, "मग पावाला काय म्हणू?" मालक म्हणाले, "काही म्हणू नका, बोट दाखवा." त्या दोन-तीन आठवड्यांत मी जेवढा हसलो तेवढा नंतर कधी हसलो नाही, आणि सगळं तोंड मिटून, नाकातल्या नाकात. आजही हसू आलं की मला आधी नाकात गुदगुल्या होतात.

खिडकीसाठी त्यांनी उजव्या हाताचं टोक निवडलं. खुर्चीचा हात जिथे शंखासारखा वळतो आणि आपला अंगठा आपोआप टेकतो, तिथे. "इथे तसंही खराब झालंय," त्या म्हणाल्या. "जुलैमध्ये तो इथे बसून रेडिओवर सायकलींची शर्यत ऐकायचा. डोंगराचा टप्पा असला की अंगठ्याने घासत राहायचा. जणू काही तोच चढ चढतोय."

मी भिंग लावलं आणि सुरी टेकवली. वरचा पांढरा निघाला. खाली दुसरा पांढरा होता.

"दोन हात दिले होते का मस्यो गास्तोंनी?" मी विचारलं.

"छे! एकच. मग ताटलीपुरताच रंग उरला होता."

दुसरा पांढरा पहिल्याहून वेगळा होता, खडूसारखा भुसभुशीत. मालकांनी बोटाने घासून वास घेतला. "हे टेनिसच्या बुटांना लावतात ते."

त्याखाली तिसरा. हा गुळगुळीत, कचकड्यासारखा सुटत होता.

"ऑफिसात टाईप करताना चूक झाली की लावतात ते," मी म्हणालो.

चौथा थर निघाला तेव्हा दुकानात पुदिन्याचा बारीक वास आला. आम्ही तिघंही वाकलो. पुदिनाच होता. टूथपेस्ट.

एका नाण्याएवढ्या जागेवर चार प्रकारचे पांढरे. आणि त्याखाली सोनं. गुळगुळीत, उबदार, मध्यभागी झिजून, सोन्याखाली लावतात ती तांबडी माती डोकावत असलेलं. बाकी खुर्चीवर रंगाचा एकच थर होता. म्हणजे अंगठ्याने रंग झिजायचा, सोनं बाहेर यायचं आणि कोणीतरी हाताशी जो पांढरा मिळेल तो वर लावून टाकायचं. पुन्हा पुन्हा.

मादाम स्टुलावरून उठल्या होत्या. "म्हणजे त्याला दिसत होतं."

"मादाम, नुसतं सोनेरी दिसणं वेगळं..." मालकांनी सुरुवात केली.

"तो चाळीस वर्षं बिजागऱ्या आणि कुलपं विकत होता, मस्यो बार्बारू. फोबूरमध्ये. तुम्हीच सांगा, नकली वर्ख असता तर काय झालं असतं?"

मालकांनी नाइलाजाने सांगितलं. "हिरवा पडला असता. पितळेचा असतो. घामाने वर्षभरात हिरवा होतो."

"आणि हा झाला?"

"नाही."

"म्हणजे त्याला माहीत होतं! खरं सोनं आहे, खरी खुर्ची आहे, सगळं माहीत होतं!" मादामचा रुमाल सुटला. "सत्तर साली मी त्याला म्हटलं, गास्तों, आपल्याकडे विकण्यासारखं काही असतं, तर आपण एक उन्हाळा तरी समुद्रावर गेलो असतो. हा काय म्हणाला माहितीये? म्हणाला, खरंच की गं. आणि तेव्हा तो ह्याच खुर्चीत बसला होता! अंगठा ठेवून!"

मी भिंग खाली ठेवलं.

"मी समुद्र अजून नीट बघितला नाही. एकदा बघितला तो धुक्यात. आणि हा मेला राजाच्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या सायकली ऐकतोय. माझी टूथपेस्ट लावून! मी म्हणायची, ट्यूब एवढी लवकर कशी संपते?" त्यांनी पर्स उचलली. "काढा. सगळा पांढरा काढा. त्याचा एक ठिपका ठेवू नका."

त्या गेल्या. दार इतक्या जोरात आपटलं की त्या दिवशीचे तीन वर्ख छताला गेले. ते अजून तिथे असतील, योग करणाऱ्या बायकांच्या वर.

व्हिलार्सेंना कळवल्यावर त्यांनी फोनवर शांतपणे 'उत्तम' म्हटलं, मग बहुतेक फोन बाजूला ठेवून कुठेतरी उडी मारली. धप्प असा आवाज आला.

एप्रिल आणि मे आम्ही समोरची बाजू उघडत होतो. रोज तळहाताएवढी. पांढऱ्याखालून फुलं बाहेर येत होती, पानांच्या शिरा, मोत्यांची माळ, एवढ्याशा रिबिनी. जुन्या कारागिराने पाकळीची फक्त कड अकीकाच्या दगडाने घासून चकाकवली होती आणि पोट तसंच मंद ठेवलं होतं, म्हणजे मेणबत्तीत फूल हललंसं वाटावं. मालक भिंगातून बघायचे आणि न राहवून म्हणायचे, "बघ तितू, बघ काय हात होता." कधीकधी नुसतंच बघत राहायचे. तेवढा वेळ मला सुरी थांबवावी लागायची. त्या दोन महिन्यांइतकं चांगलं काम मला पुन्हा मिळालं नाही. तेव्हा वाटायचं, असंच असतं. तेव्हा मला काही कळत नव्हतं.

मादाम आल्या नाहीत. त्यांचं स्टूल खिडकीजवळ तसंच होतं. मालकांनी ते हलवू दिलं नाही. म्हणाले, उजेड अडत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात समोरची बाजू संपली आणि आम्ही खुर्ची फिरवली. मी सुरीला धार लावून बसलो. मालक मागच्या बाजूसमोर वाकले आणि कितीतरी वेळ सरळ झालेच नाहीत. मला वाटलं, कंबर धरली.

"तितू, सुरी ठेव."

"का?"

"हे बघ."

मी पाहिलं. मागची बाजू पांढरी होती. पण समोरच्यासारखी नव्हती. एक थेंब नाही, एक ओघळ नाही. ब्रशच्या रेघा एका दिशेने, कडेला स्वच्छ. कापडाची पाठसुद्धा रंगवली होती, तीही अशी की धागा धागा दिसावा.

"समोरून सुरुवात केली त्याने," मालक म्हणाले. "पाठीपर्यंत येईतो हात बसला."

"पण काढायचं ना?"

"खाली काय आहे ते सांग आधी."

मी खालच्या कोपऱ्यात एक खिडकी उघडली. पांढरा, आणि त्याखाली लाकूड. खडूचा लेप नाही, माती नाही, सोनं नाही. मी आणखी एक उघडली. लाकूडच.

ह्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवायच्या असत. वर्षानुवर्षं त्या भिंतीपासून हलत नसत. राजा झाला तरी न दिसणाऱ्या बाजूवर सोनं कशाला घालेल? पाठी कोऱ्याच सोडायचे.

"समोर रंगाखाली राजा होता," मालक म्हणाले. "इथे रंगाखाली कोणी नाही. इथे गास्तोंच मूळ आहे." मग म्हणाले, "रंग माझ्या बापाचा. चांगला दिला होता. अजून धरून आहे."

त्यांनी मला मादामना आणायला पाठवलं. त्या चौथ्या मजल्यावर खोक्यांमध्ये भांडी भरत होत्या. आधी म्हणाल्या, यायचं नाही. मग म्हणाल्या, पाच मिनिटं. मग वाटेत मला म्हणाल्या, "त्याचं नाव काढलंस तर परत फिरेन." मी अख्ख्या वाटेत बोललो नाही. 'प' टाळायची सवय होतीच, त्यात 'ग' घातला.

मालकांनी त्यांना समोरून खुर्ची दाखवलीच नाही. थेट मागे उभं केलं.

"काढा म्हटलं होतं ना मी."

"काढायला खाली काहीतरी लागतं, मादाम. इथे नाही."

त्या वाकल्या. सत्तावन्न वर्षं ती खुर्ची स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून होती. ही बाजू त्यांनी रंगवल्या दिवसानंतर नीट पाहिलीच नव्हती. त्यांनी बोट फिरवलं, आधी चौकटीवरून, मग रंगवलेल्या कापडावरून.

"ओघळ नाही," त्या म्हणाल्या.

"एकही नाही," मालक म्हणाले. "मी धंद्यातला आहे म्हणून सांगतो. हे असं मलाही रोज जमत नाही."

"समोर सगळे ओघळ. मी चाळीस वर्षं हिणवलं त्याला. म्हणायची, तुझ्या रंगाला सर्दी झालीय." त्या सरळ झाल्या. "मूर्ख माणूस. सगळी हुशारी भिंतीकडे." मग त्यांनी रुमालाने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "विकली असती मी. तेव्हा सांगितलं असतं तर नक्की विकली असती. आठ दिवस समुद्र बघितला असता आणि मग तो बिचारा बसला असता कुठे?"

"स्टुलावर," मी म्हणालो.

"स्टुलावर त्याची पाठ धरायची." त्यांनी पुन्हा एकदा हात फिरवला. "ठेवा हे. जमेल का? की तो हातमोजेवाला नाही म्हणेल?"

हातमोजेवाला नाहीच म्हणाला. मस्यो व्हिलार्सेंनी समोरून खुर्ची पाहिली आणि ते दोन मिनिटं स्वर्गात होते. मग मालकांनी खुर्ची फिरवली.

"हे राहिलंय," व्हिलार्से म्हणाले.

"ही साक्ष आहे," मालक म्हणाले.

हे सांगायला हवं. जुनं काम उघडताना आधीच्या थराचा एक लहानसा तुकडा न दिसणाऱ्या जागी मुद्दाम सोडतात, पुढच्यांना कळावं की इथे काय होतं. त्याला साक्ष म्हणतात. राजवाड्याच्या नियमपुस्तकातही ती सक्तीची आहे.

"साक्ष दोन सेंटिमीटरची असते, मस्यो बार्बारू!"

"पुस्तकात कुठे लिहिलंय?"

व्हिलार्सेंकडे पुस्तक होतं. ते नेहमी असायचं. त्यांनी पान काढलं, बोट ठेवून वाचलं. साक्ष न दिसणाऱ्या जागी असावी, मूळ थरावर नसावी, तिची नोंद असावी. आकार लिहिलेला नव्हता. दोनशे पानं लिहिणाऱ्या कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं की फोबूरमधला एक म्हातारा अख्ख्या खुर्चीची पाठ साक्ष म्हणून सोडेल.

"ही न दिसणारी जागा आहे का?" मालकांनी विचारलं.

"भिंतीकडे... हो."

"खाली मूळ थर आहे का?"

व्हिलार्सेंनी माझ्या दोन्ही खिडक्या भिंगातून पाहिल्या. "नाही."

"मग नोंद करा."

व्हिलार्से खाली बसून राहिले. शेवटी त्यांनी हातमोजे काढले. मी त्यांचे हात पहिल्यांदाच पाहिले. नखं कुरतडलेली होती. त्यांनी बोटाने तो पांढरा रंग हळूच दाबून बघितला.

"फार सफाईदार आहे," ते नाइलाजाने म्हणाले.

राजवाड्याच्या प्रत्येक वस्तूची फाईल असते. त्यात कोणी, काय, कधी केलं ते लिहितात. ह्या खुर्चीच्या पानावर आधी तीन नावं होती. सुतार, नक्षी कोरणारा आणि सोनं चढवणारा, तिघंही सतराशे ब्याऐंशी सालचे. त्यांच्याखाली व्हिलार्सेंनी स्वच्छ अक्षरात चौथं लिहिलं. 'पाठ, पांढरी, एकोणीसशे एकसष्ट. कारागीर: गास्तों व्हासर.' आणि सामग्रीच्या रकान्यात, नियम म्हणजे नियम, उजव्या हातावर सापडलेले चारही थर क्रमाने नोंदवले. टूथपेस्ट धरून.

मादामनी ते दोनदा वाचलं. "राजाच्या माणसांच्या पंगतीत!" त्या म्हणाल्या. "जिवंत असता तर आठवडाभर जेवताना गप्प बसला नसता."

ऑक्टोबरात मी त्यांना वृद्धाश्रमातून बसने राजवाड्यात घेऊन गेलो. वाटेत त्यांनी नव्या खुर्चीचं कौतुक केलं. न पेटणारी, पुसता येणारी, बटण दाबलं की पाय वर होतात. "इतकी मऊ, की मला आधी राग आला," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं मी त्या राजाच्या लाकडावर ढुंगण चेपून घेत होते आणि लोक ह्यावर बसत होते!"

दालनात शाळेच्या मुलांची एक रांग पुढे सरकत होती. बारा खुर्च्या, भिंतीला लावून, निळ्या रेशमात, खिडकीतल्या उजेडात. मोकळ्या जागेवरचा पहारेकरी आता खुर्चीवर पहारा देत होता. थोडा नाराज दिसला. जागेचं काम सोपं होतं.

"कुठली?" मी विचारलं. मला खरंच ओळखता येत नव्हती, आणि मी तिच्यावर दोन महिने श्वास रोखून बसलो होतो.

मादाम दोरीच्या कडेने चालत गेल्या आणि उजवीकडून चौथीपाशी थांबल्या. "डावीकडचं फूल जरा जड आहे," त्या म्हणाल्या. मग भिंत आणि खुर्ची यांच्यामधल्या फटीत बघायला वाकल्या. पहारेकरी खाकरला. त्या सरळ झाल्या.

"दिसतं का तुला?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मी मान वाकडी करून पाहिलं. "काहीच नाही."

"छान." त्यांनी माझा हात धरला, रांगेवरून एकदा शेवटपर्यंत नजर फिरवली, आणि बाकीच्या अकरा खुर्च्यांकडे बघून चुकचुकल्या.

"ह्यांच्या मागे कोणीच नाही रे. बिचाऱ्या."